लाल तेल, पिवळे तेल

कार्तिक उजाडला की आमच्या नागपूरच्या घराला रामपायलीचे वेध लागतात. बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीपासून जवळच, चंदन नदीच्या काठी वसलेले हे आमचे मूळ गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे शेत एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्या राज्यात, अशी जी कुटुंबे या पट्ट्यात आहेत त्यांपैकी आम्ही एक. कार्तिक पौर्णिमेला रामपायलीची यात्रा भरते, तेव्हा दोन्हीकडची माणसे जुन्या घरात एकत्र येतात. त्या दिवसांत धान कापणीला आलेले असते. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा सुगंध आम्हां घरच्यांना मात्र मानांकनाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. असो.

या सदरातून आजवर मी आपणांस शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, गॅसची शेगडी अशा घरगुती यंत्रांच्या निगेविषयी चार गोष्टी सांगत आलो. या खेपेस मोटारीच्या ब्रेकविषयी आणि पावर स्टिअरिंगविषयी लिहावे, असा दोन-तीन वाचकांचा आग्रह होता. तसा लेख मी लिहूनही ठेवला होता. तो फाडून टाकून हा नवा लिहीत आहे. कारण मधल्या काळात रामपायलीस जे घडले ते सांगितल्याखेरीज या विषयावर बोलण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

गेल्या कार्तिकात आम्ही माझ्या पुतण्याच्या गाडीने गावी गेलो. तो, सूनबाई, त्यांची दोन मुले आणि मी. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, दणकट. यात्रा आटोपली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघून बालाघाटवरून बैहरमार्गे कान्हाच्या जंगलात जायचे, मुक्कीच्या फाटकाचे आरक्षण झालेले. मुलांनी वाघाच्या गोष्टींनी आठवडाभर घर डोक्यावर घेतले होते. या वाटेवर बालाघाट सोडल्यानंतर गांगुलपारा घाट लागतो. घाटाच्या वाटेला लागण्यापूर्वी गाडीचे बॉनेट उघडून तेलपाणी पाहावयाचे, ही माझी नोकरीपासूनची सवय. यंत्रशाळेत तेहतीस वर्षे काढलेला माणूस मी; घरातील कोणत्याही यंत्राचे झाकण माझ्या हातूनच उघडावे, असा एक अलिखित संकेत पडून गेला आहे.

पौर्णिमेची संध्याकाळ. अंगणात पणत्या लागत होत्या. मी बॉनेट उघडले. ब्रेकच्या तेलाची छोटी पांढरी टाकी असते. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. तेल किमान रेघेच्या जवळ आले होते. मी पुतण्याच्या थोरल्या मुलाला म्हणालो, "डिकीतून तेलाची बाटली आण." त्याने आणली. पाण्याची जुनी प्लास्टिकची बाटली, तिच्यात तेल. माझा चष्मा देवघरात राहिला होता. मी झाकण काढले, तेल ओतले, वरच्या रेघेपर्यंत आणले, झाकण घट्ट केले आणि हात पुसून मंदिराकडे निघालो. मुलाला जे सांगितले ते त्याने केले. पाहावयाचे होते ते मी पाहिले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर हात धुताना खांद्यावरच्या फडक्याकडे लक्ष गेले. त्यावर लाल डाग होता. कुंकवाचा असेल असे प्रथम वाटले. बोटाने चोळून पाहिले तर बुळबुळीत. ब्रेकचे तेल लाल नसते. ते फिकट पिवळे, मधाला पाणी घालावे तसे असते. लाल असते ते पावर स्टिअरिंगचे. पुतण्याच्या गाडीच्या स्टिअरिंगची नळी थोडी पाझरत असे, म्हणून त्याने मोठ्या डब्यातील लाल तेल एका बाटलीत काढून डिकीत ठेवले होते. ब्रेकच्या तेलाचा मोहोरबंद डबा तिच्या शेजारीच होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी कान तुटलेला एक पांढरा चिनी कप घेतला, त्यात पाणी घातले, विजेरी घेऊन अंगणात गेलो आणि मुलांच्या औषधाच्या ड्रॉपरने ब्रेकच्या टाकीतील वरचे तेल चार थेंब उचलून पाण्यात सोडले. ब्रेकचे अस्सल तेल पाण्यात साखरेसारखे विरघळते. हे थेंब विरघळले नाहीत. लालसर टिकल्यांसारखे पाण्यावर तरंगत राहिले. (तो कप आणि ड्रॉपर दोन्ही फेकून दिले. ब्रेकचे तेल विषारी असते. स्वयंपाकघरातील भांड्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये.)

त्या कपाकडे पाहत मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. खरे सांगावयाचे तर त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा नव्हता, माझ्या लौकिकाचा होता. तेल फार तर अर्धा कप गेले असेल. वरवरचे उपसून काढले, नवे भरले, कोणाला काही बोललो नाही, तर चालणार नाही का? मी उपसूही लागलो होतो. तेवढ्यात आठवले, की संध्याकाळी धानाची गाडी आत यावी म्हणून पुतण्याने मोटार फाटकापासून गोठ्यापर्यंत आणून लावली होती. म्हणजे त्याने ब्रेक दाबला होता, सोडला होता, पुन्हा दाबला होता. टाकीतील तेल आता टाकीपुरते राहिले आहे, असे छातीवर हात ठेवून कोण सांगणार?

थोड्याशा चुकीच्या तेलाने एवढे काय बिघडते, ते येथे सांगणे अवश्य आहे. कारण "तेल ते तेल" असे मानणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

ब्रेकच्या पायट्यावर आपण पाय ठेवतो तेव्हा चाकाशी लोखंडी दांडा वगैरे काही जात नाही. पायट्यापाशी एक नळकांडे असते, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यातला दट्ट्या तेलावर दाब आणतो आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातील नियम. मोटारीच्या चारही चाकांना या रीतीचे ब्रेक १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत प्रथम आले. दट्ट्याच्या कडेने तेल निसटू नये म्हणून त्याला रबराची वाटी बसवलेली असते. अशा रबरी वाट्या आणि कडी चाकापर्यंत जागोजागी असतात. हे रबर विशिष्ट जातीचे असते. ग्लायकॉलपासून बनवलेल्या ब्रेकच्या तेलात ते वर्षानुवर्षे सुखाने राहते. खनिज तेल लागले की मात्र पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखे फुगते आणि मऊ पडते. स्टिअरिंगचे लाल तेल हे खनिज जातीचे. तेथील रबरही वेगळे, त्या तेलाला मानवणारे.

मास्टर सिलिंडरमध्ये टाईच्या डोळ्याएवढे एक अतिबारीक भोक असते. पाय उचलला की त्या भोकातून दाब टाकीकडे परत जातो आणि चाके मोकळी होतात. रबरी वाटी फुगली की ती नेमकी या भोकावर येऊन बसते. मग पाय उचलला तरी दाब उतरत नाही. ब्रेक चाकाला किंचित धरून राहतो. सपाट रस्त्यावर गाडी जरा जड चालते एवढेच चालवणाऱ्याला जाणवते. पण धरून राहिलेला ब्रेक तापतो, तापलेले तेल प्रसरण पावून ब्रेक आणखी आवळतो, आणि तो आणखी तापतो. शेवटी नळीतील तेल उकळते. उकळले म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते. पायटा थेट तळाशी जातो आणि गाडी चालतच राहते.

पहाटेच्या अंधारात, गांगुलपाऱ्याच्या उतारावर, मागच्या आसनावर दोन मुले झोपलेली.

मी आत जाऊन पुतण्याला उठवले. दोन वाजले होते. दिव्याकडे पाठ करूनच मी त्याला सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मुले झोपली आहेत ना? मग झोपू द्या. पहाटेचा गजर बंद करतो." त्याने मला एक शब्द लावला असता तर मला अधिक बरे वाटले असते. सूनबाईंनी तो सकाळी लावला. "आरक्षण गेले त्याचे काही नाही," त्या म्हणाल्या, "पण काका, मासिकात लिहाल तेव्हा हेही लिहा." मुलांची समजूत कोणी कशी काढली ते मला ठाऊक नाही, त्या वेळी मी मुद्दामच नदीकडे गेलो होतो.

मिस्त्री वारासिवनीहून मोटरसायकलवर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. पोवारी मिसळलेली त्याची हिंदी आमच्या घरातील बायकांना माझ्या पुस्तकी मराठीपेक्षा अधिक जवळची. त्याने टाकीचे झाकण काढले. झाकणाच्या आत रबराची पातळ चकती असते. ती त्याने परत बसवून दाखवली. तिची कडा फुगून वळली होती, नीट बसेना. तेल ओतताना तिला लागलेल्या थेंबांचा तो एका रात्रीतील परिणाम. "बाबूजी, ही टोपी आधी बोलते," एवढेच तो म्हणाला.

गाडी दोराने ट्रॅक्टरला बांधून न्यावी, असे एकाने सुचवले. मिस्त्रीने मान हलवली, आणि ते बरोबरच होते. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही ती दोरावर ओढली, तर पुढचे वाहन थांबले की ती त्याच्यावरच जाऊन आदळावयाची. शेताच्या बांधाला लावून एक रिकामा ट्रक उभा केला, फळ्या टाकल्या आणि ढकलून गाडी त्यावर चढवली. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि हातब्रेक ओढलेला. हातब्रेक सामान्यतः तारेने चालतो, त्याला तेलाचे सुखदुःख नसते. म्हणूनच तो नुसता गाडी उभी करण्यापुरता आहे असे न मानता महिन्यातून एकदा चढावर तपासावा.

वारासिवनीच्या गॅरेजात दोन दिवस लागले. आणि आता खरी गोष्ट सांगतो, जी माझ्या बाटलीपेक्षा मोठी आहे.

मिस्त्रीने पुढची चाके काढली तेव्हा ब्रेकचे पॅड जवळजवळ संपलेले निघाले. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो, तीनवर आला की बदलावा. येथे एका बाजूस तो नखाएवढा उरला होता आणि लोखंडी पाठ चकतीला लागण्याच्या बेतात होती. पॅड जसजसा झिजतो तसतसा कॅलिपरमधील दट्ट्या बाहेर सरकतो, त्याच्या मागची पोकळी भरण्यास तेल लागते, आणि टाकीतील पातळी तेवढी खाली जाते. म्हणजे तेल कमी झाले होते ते कोठे गळून नव्हे. टाकी आम्हांला पॅडची हकीकत सांगत होती. मी योग्य तेल ओतले असते, डोळ्यांवर चष्मा असता, बाटली मोहोरबंद असती, तरीसुद्धा मी चूकच केली असती. कारण तेल का उतरले हे न विचारता मी फक्त रेघ गाठली. ब्रेकची टाकी ही मिठाची बरणी नव्हे, की कमी दिसली आणि भरली. पातळी उतरली तर एक तर पॅड झिजले आहेत, नाही तर कोठे तरी गळती आहे. दोन्हींचा शोध आधी, तेल नंतर. डॅशबोर्डवर हातब्रेकचा जो लाल दिवा असतो तोच पुष्कळ गाड्यांत तेल उतरल्यावरही लागतो. हातब्रेक सोडूनही तो विझला नाही किंवा वळणावर लुकलुकला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

शिवाय जे जुने तेल निघाले ते काळ्या चहासारखे होते. पुतण्याने गाडी घेतल्यापासून ते बदललेलेच नव्हते. या तेलाचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा: ते हवेतील दमट शोषून घेते. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने पापड मऊ पडतात, मीठ पाझरते. त्याच हवेत हे तेलही टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांतून हळूहळू ओले होत जाते. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असे अंक असतात, ते उकळण्याच्या मर्यादेचे. डॉट ३ जातीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची कोरडी मर्यादा २३०, ओली १५५. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकला हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. म्हणून बहुतेक कारखाने दर दोन वर्षांनी, काही त्याहून थोडे उशिरा, हे तेल पूर्ण बदलावयास सांगतात, गाडी उभीच राहिली असली तरीही. आपल्याकडे गाडीचे किलोमीटर मोजले जातात, तेलाचे पावसाळे कोणी मोजत नाही. त्याच कारणाने डबा लहान घ्यावा, वेळेवर फोडावा आणि उरलेले तेल पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्याची काटकसर करू नये. काटकसर करण्याच्या जागा दुसऱ्या आहेत.

मिस्त्रीने मास्टर सिलिंडरची, पुढच्या कॅलिपरची, मागच्या चाकांच्या सिलिंडरची सगळी रबरे आणि चाकांजवळच्या रबरी नळ्या बदलल्या. लोखंडी नळ्या नव्या ब्रेकच्या तेलाने पुनःपुन्हा धुऊन काढल्या. अशा वेळी पेट्रोल किंवा रॉकेल वापरण्याचा मोह काही कारागिरांना होतो. तेही खनिजच, त्याने नव्या रबराचे तेच होते. जुन्या काळी सगळ्या चाकांना मिळून एकच तेलवाट असे, एक नळी फुटली की सारेच ब्रेक गेले. आता दोन स्वतंत्र वाटा असतात, एक गेली तरी दुसरी अर्धा ब्रेक देते. पण दोन्ही वाटांना तेल पुरवणारी टाकी एकच, आणि मी तेल ओतले ते तेथेच. दोन कुलुपे लावून दोन्ही किल्ल्या चोराच्या हाती द्याव्या, तसे झाले. गाडी जुनी असल्याने तिच्यात एबीएस नव्हते, हे आमचे नशीब. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, आणि ते चांगलेच आहे; परंतु त्याच्या पेटीत अतिबारीक झडपा असतात, तेथे चुकीचे तेल शिरले की खर्च कित्येक पटींनी वाढतो. आमच्या बिलाचा आकडा मी सांगत नाही. तो मी भरला.

सर्व जोडून झाल्यावर नळ्यांतील हवा काढावयाची असते. हे काम दोघांचे. एक जण आत बसून पायटा दाबून धरतो, दुसरा चाकापाशी निपल सैल करतो. पारदर्शक नळीतून तेल बुडबुड्यांसह बाटलीत येते, निपल आवळल्यावरच आतल्याने पाय उचलावयाचा. आधी उचलला तर हवा परत आत. मिस्त्रीचा पोऱ्या यात्रेला गेलेला. मी पुढे झालो, तर सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, काका," आणि स्वतः जाऊन चालकाच्या जागी बसल्या. चारी चाकांना तासभर "दाबा" आणि "सोडा" चालले होते. शेवटी बाटलीत बुडबुडा दिसेना, तेल स्वच्छ पिवळे येऊ लागले आणि पायटा दगडासारखा टणक लागला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता बरोबर आहे." सूनबाई गाडी उत्तम चालवतात, पायट्याचा हा टणकपणा आता त्यांच्या पायाला ओळखीचा झाला आहे, आणि तो बदलला तर पहिल्यांदा त्यांनाच कळेल.

स्टिअरिंगचे थोडक्यात सांगतो, कारण तेथे चूक झाली तरी ती सहसा आवाज करून येते. १९५१ साली क्रायस्लरने विक्रीच्या मोटारीत पावर स्टिअरिंग प्रथम आणले. आपल्याकडे अँबॅसडरच्या जमान्यातील माणसांनी त्यावाचून, दंडाच्या बळावर, आयुष्य काढले. जुन्या पद्धतीत इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने चाके वळविण्यास मदत करतो. वळताना रडल्यासारखा आवाज आला, तर बहुधा तेल कमी झाले आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. किरकिरला तर पट्टा सैल. चक्र एका टोकापर्यंत फिरवून तेथेच धरून ठेवू नये, पंपावर ताण येतो. कोणते तेल घालावे ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि रंगावर विसंबू नये. लाल पुष्कळदा असते, पण काही गाड्यांचे हिरवे किंवा पिवळसरही असते. पिवळसर असले की आमच्यासारखा फडक्यावरचा डागही सावध करणार नाही. जबलपूरच्या एका भगिनींनी विचारले आहे, की त्यांच्या नव्या लहान गाडीत ही टाकी सापडतच नाही, चोरीला गेली की काय? नाही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांचे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते, त्यात तेल नसतेच. तेथे सांधे आणि त्यांवरची रबरी आवरणे फाटली नाहीत ना, एवढे सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र दोन्ही यंत्रांना समान आहे आणि या भागातील चालकांना ती कळकळीने सांगावीशी वाटते. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे लोक अजून आहेत. इंजिन बंद झाले की स्टिअरिंगचा पंप थांबतो आणि चक्र एकाएकी जड होते. ब्रेकला जोर देणारा जो बूस्टर असतो तो निर्वातावर चालतो. तो निर्वातही इंजिनाच्याच जिवावर. दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठा संपतो, आणि मग पायटा लाकडासारखा होतो. वळण समोर आले असताना दोन्ही मदतनीस एकदमच काम सोडून जातात. वाचलेले डिझेल किती? कपभर. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ट्रकचालकांची रीत मला अजून पटते. इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो.

गावातील घरी आता एक बदल झाला आहे. पाण्याच्या बाटलीत तेल ठेवण्यास बंदी आहे; तेल ज्या डब्यात आले त्यातच राहील, आणि डब्याला गाडीच्या टाकीचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असेल. चिठ्ठ्या थोरल्याने लिहिल्या. ज्याच्या हातून मी ती बाटली मागवली होती तो हाच. आपल्यामुळे सहल गेली असे त्याला कित्येक दिवस वाटत होते, हे मला दिवाळीनंतर फार उशिरा, त्याच्या आईकडून कळले. मी त्याला गाडीपाशी नेऊन कपातली तीच परीक्षा पुन्हा करून दाखवली, दोन्ही तेलांची, आणि त्या संध्याकाळी कोणी काय पाहावयास हवे होते ते सांगितले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही चष्मा का नाही घातला?"

मुक्कीचे आरक्षण सूनबाईंनी माघातले केले. आम्ही गेलो. गांगुलपाऱ्याच्या चढाला लागण्यापूर्वी गाडी बाजूला घेतली. झाकण थोरल्याने उघडले, वरची अक्षरे धाकटीने मोठ्याने वाचली, आणि मी चष्मा लावून शेजारी उभा होतो. तेल वरच्या रेघेवर होते. वाघ दिसला नाही. गवे मात्र पुष्कळ दिसले.